व्यसनी माणसासाठी प्रार्थना : कोल्हापूर ते वांद्रे, मार्गे ॲक्रन

आजचा धागा नेहमीपेक्षा लांब आहे आणि त्याची सुरुवात इतिहासाच्या पुस्तकात नसून रंकाळ्याच्या काठावर आहे. आमच्या शिवाजी पेठेतील एक ताई संध्याकाळी फिरताना भेटतात. त्यांचा धाकटा भाऊ एके काळी तालमीतला नावाजलेला गडी होता. आता दारूने पोखरला आहे. आईने त्याला तीन वेळा अंबाबाईसमोर उभे करून शपथ घ्यायला लावली. तिन्ही वेळा शपथ मोडली. मध्यंतरी त्याला रुग्णालयात ठेवावे लागले, तेव्हा तिथल्या एका ख्रिस्ती परिचारिकेने ताईंना सांगितले, ‘‘मी तुमच्या भावासाठी रोज प्रार्थना करते.’’ ताईंना बरेही वाटले आणि अवघडल्यासारखेही झाले. त्यांनी मला विचारले, ‘‘दादा, तुम्ही इतिहासाचं लिहिता. आमची शपथ झाली, त्यांची प्रार्थना झाली. असल्या गोष्टींनी आजवर कुणाची दारू सुटलीय का?’’

प्रार्थना देवापर्यंत पोहोचते की नाही, हे ठरवण्याचे साधन इतिहासकाराजवळ नाही. मात्र कोणी, कोणासाठी, कोणाच्या शेजारी बसून प्रार्थना केली आणि पुढे काय घडले, हे त्याला सांगता येते. शोध घेऊ लागलो तेव्हा या कथेचे एक टोक आपल्याच गावात निघाले.

डिसेंबर १८५२ मध्ये रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी अहमदनगरहून कोल्हापुरात आले. गावात त्यांना विरोध झाला. पुढे आपल्याच मिशन मंडळाशी त्यांचे बिनसले आणि अनेक वर्षे त्यांनी स्वतंत्रपणे काम चालवले. १८७० नंतर हे काम अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. शहरातील वायल्डर मेमोरियल चर्च हे नाव त्यांचेच. त्यांच्या दोन मुलांची नावे या धाग्यात लक्षात ठेवावी लागतील : ग्रेस, आणि १८६३ साली कोल्हापुरात जन्मलेला रॉबर्ट. बारा वर्षांचा होईपर्यंत रॉबर्ट याच गावच्या हवेत वाढला. १८७५ च्या सुमारास कुटुंब अमेरिकेला परतले आणि प्रिन्स्टन येथे स्थायिक झाले.

त्याच सुमारास अमेरिकेत दारूविरुद्ध प्रार्थना हे एक सार्वजनिक अस्त्र बनले होते. २४ डिसेंबर १८७३ रोजी ओहायो राज्यातील हिल्सबरो या लहानशा गावात एलायझा थॉम्प्सन या बाईंच्या मागे सुमारे सत्तर स्त्रिया चर्चमधून बाहेर पडल्या आणि दारूच्या दुकानांकडे चालू लागल्या. दुकानात शिरून त्या गुडघे टेकत, भजने म्हणत, आणि दुकानदाराला धंदा बंद करण्याची विनवणी करत. आत घेतले नाही तर बाहेर कडाक्याच्या थंडीत बसत. या बायकांना मताधिकार नव्हता, नवऱ्याच्या पगारावर हक्क नव्हता. प्रार्थना एवढीच एक गोष्ट अशी होती की ती भर रस्त्यात केली तरी कोणी त्यांना सहजासहजी हुसकावू शकत नव्हते. यातूनच १८७४ मध्ये ‘वुमन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन’ ही संघटना उभी राहिली आणि फ्रान्सेस विलार्ड यांच्या नेतृत्वाखाली ती जगभर पसरली.

मराठी वाचकाला या संघटनेची ओळख करून दिली ती पंडिता रमाबाईंनी. १८८६ ते १८८८ या काळात त्या अमेरिकेत होत्या, विलार्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला आणि १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात त्यांनी अमेरिकी स्त्रियांच्या संघटित कामाबद्दल भरभरून लिहिले. दारू हा पुरुषाचा खासगी शौक नसून बाईच्या आणि लेकरांच्या पोटावर आलेले संकट आहे, ही दृष्टी त्या कामाच्या मुळाशी होती. अर्थात आपल्याकडे ती एकट्या मिशनऱ्यांनी आणली, असे कोणी समजू नये. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने सरकारची दारूच्या महसुलावरची पकड घट्ट झाली, आणि पुढे दोनच वर्षांत जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य या नात्याने शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठवला. वारकऱ्यांची माळ तर या सर्वांहून जुनी. गळ्यात तुळशीची माळ आली की दारू सुटली पाहिजे, हा दंडक आपल्या जिल्ह्यातील गावोगावी आजही पाळला जातो.

या सगळ्या प्रकारांत एक समान धागा दिसतो, आणि माझ्या मते तोच त्यांचा दुबळा दुवाही होता. तो म्हणजे प्रतिज्ञा. मिशनऱ्यांच्या सभांत छापील कार्डावर सही करून आजन्म दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली जाई. आपल्याकडे देवीसमोर हात ठेवून शपथ घेतली जाते. नुकताच पिऊ लागलेला माणूस अशा शपथेने सावरतोही. पण ज्याच्या शरीरालाच दारूची गरज लागली आहे, त्याच्या बाबतीत शपथ मोडते, आणि मोडली की दारूच्या जोडीला पापाची भावना येते. मग तो ती भावना बुडवण्यासाठी पुन्हा पितो. शपथ घालणाऱ्यांचाही संयम संपतो. ताईंच्या घरी जे तीन वेळा घडले, तेच एकोणिसाव्या शतकातील प्रतिज्ञा-चळवळींत हजारो घरांत घडत होते. करुणा होती, पण ती काठावर उभी राहून बुडणाऱ्याला ‘हात मार’ म्हणून सांगणारी होती.

आता रॉबर्ट वायल्डरकडे वळू. प्रिन्स्टनमधील वडिलांच्या घरी तो कॉलेजमधील मित्रांना जमवून बैठका घेई. शेजारच्या खोलीत बहीण ग्रेस प्रार्थना करत बसे. जगभर जायला तयार असलेले हजार विद्यार्थी मिळावेत, हे दोघांचे मागणे होते. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे विद्यार्थ्यांचे एक संमेलन भरले. तिथे रॉबर्टने आपल्या मागण्याची चळवळ केली आणि संमेलन संपेपर्यंत शंभर तरुणांनी नावे दिली. ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ची ही सुरुवात. त्या शंभरांत कॉर्नेल विद्यापीठाचा एक विद्यार्थी होता, जॉन मॉट. पुढे तो वायएमसीएच्या जागतिक कार्याचा आधारस्तंभ झाला आणि १९४६ मध्ये त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. रॉबर्ट स्वतः नंतर भारतात आला आणि पुण्यासह काही शहरांत विद्यार्थ्यांमध्ये काम करून गेला. वडिलांच्या मृत्यूनंतर ग्रेसही आईसह पुन्हा इकडे आली.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या भावंडांचे ध्येय धर्मप्रसाराचे होते. व्यसनी माणसाचा विचार त्यांच्या मागण्याच्या केंद्रस्थानी नव्हता, आणि साम्राज्याच्या सावलीत चाललेल्या धर्मप्रसाराबद्दल आपल्याकडे जे आक्षेप घेतले गेले, ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पण त्यांनी चेतवलेल्या विद्यार्थी-चळवळीतून पुढे जे निघाले, त्याची कल्पना त्यांनाही नसावी.

मॉट यांच्याच वायएमसीएच्या वर्तुळात फ्रँक बुकमन नावाचा एक ल्यूथरन पाद्री होता. १९०९ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातील एका कॉलेजात वायएमसीएचा सचिव झाला. कॉलेजचे विद्यार्थी दारूत बुडालेले, आणि त्यांना चोरून दारू पुरवणारा माणूस म्हणजे ‘बिल पिकल’ या टोपणनावाने ओळखला जाणारा एक घोडेवाला. बुकमनने त्याला पोलिसांच्या ताब्यात दिले नाही आणि त्याच्यासमोर प्रवचनही झोडले नाही. त्याच्याशी मैत्री केली. काही काळाने बिल पिकलने दारू सोडली आणि विद्यार्थ्यांवर त्याचा परिणाम झाला तो बुकमनच्या सभांपेक्षा अधिक. १९१५ मध्ये बुकमन वायएमसीएच्या कामासाठी भारतातही येऊन गेला. पुढे त्याने जो गट उभा केला, तो १९२० च्या दशकाच्या अखेरीस ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या नावाने प्रसिद्ध झाला. या गटाची रीत साधी होती. लहान बैठक घ्यायची, आपले दोष दुसऱ्यासमोर मोकळेपणाने मांडायचे, ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई करायची, आणि रोज सकाळी थोडा वेळ शांत बसायचे. बुकमन पुढे राजकारणाच्या बाबतीत फार भोळा आणि काही वेळा आक्षेपार्ह बोलून गेला. त्याचा कैवार घेण्याचे मला कारण नाही. पण बैठकीची ही रीत टिकली.

न्यूयॉर्कमध्ये या गटाचे काम सॅम्युएल शूमेकर या पाद्र्याच्या चर्चकडून चाले. तिथे रस्त्यावरच्या मद्यपींसाठी एक आश्रयस्थान होते. नोव्हेंबर १९३४ मध्ये तिथून सावरलेला एबी थॅचर आपल्या जुन्या मित्राला भेटायला गेला. तो मित्र म्हणजे शेअर बाजारात उद्ध्वस्त झालेला बिल विल्सन. पुढल्याच महिन्यात विल्सन टाऊन्स हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. तिथे त्याला एका रात्री प्रकाशाचा आणि मुक्तीचा विलक्षण अनुभव आला आणि तो पुन्हा कधीही प्याला नाही. त्या वेळी त्याच्यावर बेलाडोनायुक्त औषधाचा उपचार चालू होता, आणि त्या औषधाने भास होऊ शकतात, हेही सांगायला हवे. बाहेर आल्यावर त्याने कित्येक मद्यपींना आपला अनुभव सांगत प्रार्थनेकडे वळवण्याचा प्रयत्न केला. सहा महिन्यांत एकही सुधारला नाही. तो स्वतः मात्र कोरडा राहिला.

मे १९३५. धंद्याचे एक काम फसल्यामुळे विल्सन ओहायोतील ॲक्रन शहरी एका हॉटेलात एकटाच अडकून पडला होता. एका बाजूला बारमधील हसणे-खिदळणे, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि चर्चची यादी. त्याने यादीतील एका पाद्र्याला फोन लावला. आपल्याला बोलायला एक मद्यपी हवा आहे, अशी त्याची चमत्कारिक मागणी होती. त्या फोनमुळे हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंशी संपर्क झाला आणि १२ मे रोजी त्यांच्याकडे त्याची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदाशी पडली.

या डॉक्टरांची गोष्ट ताईंच्या प्रश्नाला थेट भिडणारी आहे. ते जवळजवळ अडीच वर्षे ऑक्सफर्ड ग्रुपच्या बैठकींना जात होते. प्रार्थना करत होते, धर्मग्रंथ वाचत होते आणि रोज रात्री पीत होते. काही आठवड्यांपूर्वीच त्यांनी बैठकीत आपले पिणे कबूल केले होते, आणि उपस्थित मंडळींनी त्यांच्यासोबत गुडघे टेकून त्यांच्यासाठी प्रार्थना केली होती. दारू सुटली नव्हती. विल्सनला फक्त पंधरा मिनिटे द्यायची असे ठरवून ते आले आणि काही तास बसून राहिले. पुढे त्यांनी स्वतः नमूद केले की, त्या माणसाने जे सांगितले त्यातले बरेचसे आपण आधीच ऐकले होते; नवीन एवढेच होते की, मद्यपानाविषयी अनुभवाने बोलणारा माणूस आपल्याला पहिल्यांदाच भेटला. श्रद्धावान म्हणेल की तो फोन हेच त्या प्रार्थनेचे उत्तर होते. मी त्यावर काही म्हणणार नाही. मला दिसते ते इतकेच की, अडीच वर्षे प्रार्थना *त्यांच्यासाठी* होत होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदा एक बुडालेला माणूस *त्यांच्या शेजारी* येऊन बसला.

त्यानंतरही डॉक्टर एकदा घसरले. एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि पिऊन परतले. विल्सन व घरच्यांनी त्यांना सावरले. १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा घोट घेतला आणि ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’, म्हणजेच ‘एए’, आपला स्थापनादिन तोच मानते. जगातील बहुतेक संस्था आपला जन्म एखाद्या उद्घाटनापासून मोजतात. ही संस्था तो एका घसरणीच्या शेवटापासून मोजते.

जन्मभराची प्रतिज्ञा इथे गळून पडली. तिच्या जागी आले ‘आजचा दिवस’. आज पिणार नाही, उद्याचे उद्या. मोडलेल्या शपथेचे ओझे उरले नाही, कारण सकाळ रोजच होते. दुसरा बदल याहून मोठा होता. १९३९ मध्ये जेव्हा त्यांचे पुस्तक छापायचे ठरले, तेव्हा गटातील नास्तिक सदस्यांनी हट्ट धरला, आणि बारा पायऱ्यांत ‘ज्याला ज्या रूपात समजेल तो देव’ असा अर्थ घालण्यात आला. ख्रिस्ताचे नाव पायऱ्यांत राहिले नाही. ख्रिस्ती बैठकीत जन्मलेल्या या रीतीने स्वतःच्या धर्माचा दरवाजा काढून ठेवला, म्हणूनच ती पुढे हिंदू, मुसलमान, बौद्ध, सर्वांच्या घरात शिरू शकली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातील खरी करुणा या त्यागात आहे. बऱ्या झालेल्या माणसाने आपल्या धर्मात यावे, ही अट त्यांनी सोडून दिली.

१९४० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रातील निधनवार्तेत छापलेली छोटीशी प्रार्थना या गटाच्या नजरेस पडली. ती प्रोटेस्टंट धर्मचिंतक राइनहोल्ड नीबर यांची मानली जाते. बदलता न येणाऱ्या गोष्टी सोसण्यासाठी शांती, बदलता येणाऱ्यांसाठी धैर्य, आणि या दोहोंतला फरक ओळखण्याचा विवेक, असे तिचे तीन भागांचे मागणे आहे. ‘माझी दारू सोडव’ असे तिच्यात कुठेही नाही.

आपल्याकडे तोवर दारूचा प्रश्न कायद्याच्या हाती गेला होता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा आला. कायद्याच्या हेतूबद्दल शंका नको, पण त्याच्या नजरेत पिणारा हा प्रथम गुन्हेगार होता. हातभट्ट्या वाढल्या, बायका-पोरांचे हाल पूर्वीसारखेच राहिले. ‘एए’चे भारतातील काम सुरू झाले ते १९५७ मध्ये, आणि हळूहळू मुंबईच्या चर्चच्या सभागृहांत, शाळांच्या वर्गांत संध्याकाळच्या बैठका भरू लागल्या.

१९८० च्या दशकारंभी मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात ब्राऊन शुगर, म्हणजेच गर्द, आले. आता व्यसनी म्हणून समोर येत होती ती विशीतली पोरे. कायद्याने १९८५ मध्ये ‘एनडीपीएस’ हे कडक अस्त्र उगारले. त्याच्या चार वर्षे आधी, १९८१ मध्ये, वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जोसेफ परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. फादर परेरा हे स्वतः मद्याच्या व्यसनातून ‘एए’च्या मदतीने बाहेर आलेले, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. बी. के. एस. अय्यंगार यांचे ते शिष्य. म्हणून कृपाच्या केंद्रांत बारा पायऱ्यांच्या जोडीला योगासने आली. वसईसह अनेक ठिकाणी केंद्रे उभी राहिली. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. व्यासपीठावरून उपदेश करणारा पाद्री आणि खुर्च्यांच्या वर्तुळात बसलेला व्यसनी, हे दोघे इथे एकच माणूस झाले. (‘ग्रेस’ या शब्दाचा मराठी अर्थ ‘कृपा’. योगायोगाला अर्थ चिकटवू नये हे मला ठाऊक आहे. तरी लिहिल्यावाचून राहवले नाही.)

२९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी त्यामागे होती आणि अनिल अवचट यांचे ‘गर्द’वरील लेखन. मुक्तांगणला कोणत्याही धर्माचे अधिष्ठान नाही. पण बरा झालेला व्यसनी हाच नव्याने आलेल्याचा सोबती, ही तिथली रीत ॲक्रनच्या त्या संध्याकाळची नातलग आहे, हे उघड दिसते.

हे सगळे ताईंना थोडक्यात सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे त्याच्यासारखाच कुणीतरी त्याला भेटला पाहिजे. मी नाही.’’ मी आधी डॉक्टरांचा विषय काढला, कारण वर्षानुवर्षे पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर झटके येऊन जिवावर बेतू शकते. शपथेच्या भरात घरच्या लोकांना हे सुचत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली अंगातली दारू उतरली की मग बैठक. आणि ‘मी नाही’ याबद्दल मी त्यांना लोइस विल्सनची गोष्ट सांगितली. बिल विल्सनची ही पत्नी. नवरा शुद्धीवर आला आणि रोज बैठकींना जाऊ लागला, तेव्हा एका संध्याकाळी तिने चिडून त्याच्यावर बूट फेकला. इतकी वर्षे त्याला सोडवण्यासाठी आपण झिजलो आणि त्याला सोडवले ते परक्यांनी, याचा तो राग होता. त्या रागाचा विचार करताना तिला कळले की नवऱ्याच्या दारूभोवती फिरता फिरता आपलेही आयुष्य आजारी झाले आहे. १९५१ मध्ये तिने मद्यपींच्या घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ सुरू केले. तिथेही तीच तीन भागांची प्रार्थना म्हणतात. मात्र म्हणणारी बायको, आई किंवा बहीण ती स्वतःसाठी म्हणते. मुक्तांगणमध्येही पत्नींचा ‘सहचरी’ हा गट आहे.

ताईंनी बूट फेकल्याचा भाग मला पुन्हा एकदा सांगायला लावला. निघताना म्हणाल्या, त्या परिचारिकाबाईंना फोन करणार आहे, त्यांच्या ओळखीत असा कुणी सुटलेला माणूस आहे का ते विचारायला.